आमच्या ह्यांची गुपचूप सहल

आमच्या ह्यांना विचारा, आज भाजी कोणती आणली, तर म्हणतील, "पिशवीत आहे." कोणत्या पिशवीत? "आणली त्या." आता सांगा, अशा माणसासोबत संसार करणं ही काय खायची गोष्ट आहे?

नाव मोतीराम गजभिये. मूळचे उमरेडकडचे. विशी ओलांडली नाही तोच जबलपूरला खमरियाच्या फॅक्टरीत लागले आणि रिटायर होईपर्यंत तिथंच राहिले. दारूगोळ्याची फॅक्टरी. आतली गोष्ट बाहेर बोलायची नाही, हा तिथला कायदा, आणि तो बरोबरच आहे, देशाचं काम आहे. पण बाप्पा, बाकीचे लोक तो कायदा गेटवर ठेवून घरी येत होते! शेजारचे मिश्राजी तर घरी पाऊल टाकलं की तासभर बोलतच राहायचे. आमचे हे कायदा डब्यासोबत घरी घेऊन यायचे. लग्नाच्या बोलणीत माझ्या बाबांनी विचारलं, "काम काय करता?" हे म्हणाले, "ड्यूटी." बाबा खूश. म्हणाले, मुलगा गंभीर आहे. गंभीर कसला, ताकास तूर लागू देत नाही म्हणा! ह्यांचं प्रमोशन झालं ते मला मिश्राइन भाभीनं सांगितलं, आणि तेही मिठाई मागायला आली तेव्हा.

दुसरी सवय गेटवरच्या तपासणीची. फॅक्टरीत माचिस, बिडी, लायटर काही आत न्यायचं नाही, गेटवर खिसे पाहतात. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी घरातून निघताना स्वतःचे खिसे चाचपतात, आणि सोबत कोणी असेल तर त्याचेही.

माणूस वाईट आहे, असं कोणी समजू नका. मला टायफॉइड झाला तेव्हा ह्यांनी माझे केस विंचरून वेणी घातली होती, आणि मिश्राइन भाभीपेक्षा चांगली घातली होती. आवाज चढवून एक शब्द मला कधी बोलले नाहीत. पण चढवून नाही तर नाही, उतरवून तरी बोला ना!

तर झालं असं. दरवर्षी दसऱ्याला आम्ही नागपूरला दीक्षाभूमीला जातो आणि उतरतो शशीभाऊंकडे. शशिकांत मेश्राम, ह्यांचे उमरेडच्या शाळेतले मित्र, बँकेतून रिटायर झालेले. त्या दिवसांत त्यांच्या घरी अशी गर्दी असते की स्वयंपाकघरातही गाद्या पडतात, आणि नीलिमाताई, म्हणजे त्यांची बायको, सगळ्यांना हसत हसत वाढत असतात. त्यामुळे ते कधी जबलपूरला येऊ शकले नाहीत. यंदा दसरा झाला, पाहुणे पांगले, तसा शशीभाऊंनी फोन केला, "वहिनी, या खेपेला आम्ही येऊन राहिलो. चार दिवस. फिरवा आम्हाला."

मी म्हटलं, या ना, घर तुमचंच आहे. आणि फोन ठेवला तशी चिंतेला लागले. कारण ते नुसते फिरायला येत नव्हते. नागपूरला त्यांच्या अगदी समोरच्या दारचा फ्लॅट रिकामा झाला होता. मालक ओळखीचा. तो म्हणाला होता, तुम्ही जबलपूरहून परत येईपर्यंत थांबतो, गजभियेंचं काय ते हो-नाही विचारून या, मग मी दुसऱ्याला द्यायला मोकळा. आमचा अश्वजीत पुण्याहून आधीपासून मागं लागला होता. "आई, रांझीचं घर विका आणि नागपूरला जा. आपली माणसं आहेत तिकडं. मला एका रात्रीत पोचता येतं."

मी ह्यांना विचारलं, "जायचं का?"

"बघू."

"म्हणजे काय?"

"बघू म्हणजे बघू."

आता माझं ऐका. मला जायचं नव्हतं. तिळमात्र नव्हतं. माझं मन इथं रुजलेलं. विहारातला बायकांचा गट माझा, रांझीच्या बाजारातली भाजीवाली माझी, मिश्राइन भाभी माझी. मला तर भांडायलाही हिंदीच लागते, मराठीत माझं भांडण रंगतच नाही! नागपूरला गेलं की नीलिमाताईंच्या शेजारणी हसतात, म्हणतात, तुमची मराठी ऐकून वाटतं हिंदीच साडी नेसून आली. हसू द्या. पण म्हातारपणी त्यांच्यात जाऊन बसायचं?

तरी मी ह्यांना ते बोलले नाही. मी, जी दूधवाल्याला पण दोन गोष्टी सुनावल्याशिवाय सोडत नाही! कारण मला पक्कं वाटत होतं की ह्यांना जायचं आहे. पोरवयात घर सोडून आलेला माणूस, तिकडं मित्र, तिकडं भाऊबंद. आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलं नाही, आता शेवटी एक गोष्ट हवी असेल तर मी आडवी काहून पडू? आणि पुरावा पण होता ना. महिना झाला, हे रोज सकाळी चहा पिऊन स्कूटर काढायचे आणि दुपारी जेवायला परत. कुठं गेले होते? "काम होतं." मी समजून चुकले की घरासाठी गिऱ्हाईक शोधून राहिले. एकदा तर मी मिश्राइन भाभीजवळ जाऊन रडून पण आले.

पाहुणे आले. शशीभाऊ म्हणजे गडगडाट. स्टेशनवरच ह्यांना मिठी मारून ओरडले, "मोत्या, म्हातारा झालास लेका!" हे नुसते हसले. गाडी सांगून ठेवली होती, ड्रायव्हर होता गौरांग नावाचा, हसतमुख. रात्री जेवताना नीलिमाताईंनी विचारलं, "भावजी, उद्या कुठं जायचं?"

"सहाला तयार राहा," हे म्हणाले.

"हो, पण कुठं?"

"उद्या कळेल."

मी कपाळावर हात मारला. गौरांगला पण सांगितलं नव्हतं. तो बिचारा दुसऱ्या दिवशी चौका-चौकात विचारायचा, "अंकल, अब लेफ्ट या राइट?"

आता न सांगितल्यावर माणूस काय समजणार? नीलिमाताईंना वाटलं, सकाळी सहाला म्हणजे विहारात जायचं असेल. त्या नवीकोरी सिल्कची साडी, केसात गजरा, उंच टाचेच्या सँडल अशा तयार होऊन आल्या. गाडी थांबली ती मदनमहाल किल्ल्याच्या पायथ्याशी. वर बघितलं तर काळे काळे दगड आणि पायऱ्याच पायऱ्या. मायबाई! माझा तर पाराच चढला.

"अहो, सांगायला काय झालं होतं? ही काय पहाड चढायची साडी आहे?"

ह्यांनी गाडीच्या डिकीतून पिशवी काढली आणि तिच्यातून कापडी बूट काढले, नवे, बायकांचे. नीलिमाताईंनी घालून पाहिले, तर पंजाच आत जाईना. त्यांचा पाय मोठा. माझ्या पायात मात्र मापानं केल्यासारखे बसले. म्हटलं, बघा, पाहुण्यांचं मापसुद्धा विचारलं नाही! शेवटी मी बूट घातले, माझ्या चपला नीलिमाताईंना दिल्या, टाचा बाहेर काढून त्या चालल्या आणि गजऱ्याची फुलं प्रत्येक वळणावर एकेक पडत गेली.

चढायच्या आधी तपासणी झाली. "शशी, खिसा."

"कशाला रे?"

"खिसा."

निघाला खर्रा. नागपूरचा खास, तंबाखू-सुपारी घोटून पन्नीत बांधलेला. ह्यांनी तो गौरांगजवळ जमा केला. शशीभाऊ गयावया करून राहिले, "मोत्या, किल्ल्यावर काय बारूद आहे का?" पण हे ऐकतात? नीलिमाताई मात्र खूश झाल्या. म्हणाल्या, "वीस वर्षं मी सांगून थकले, भावजींनी एका शब्दात काम केलं."

वाटेत तो तोल सावरून बसलेला दगड लागतो ना, मोठ्या दगडावर नुसता टेकलेला, तिथं थांबलो. इतकी वर्षं जबलपुरात राहून मी तो पहिल्यांदा पाहत होते. लोक दूरदूरून येतात आणि मी, काखेत कळसा अन् गावाला वळसा! वर पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं, पावसाळा संपल्यावर हवा धुतल्यासारखी होते तशी झाली होती, खाली सगळं शहर पसरलेलं. शशीभाऊ धापा टाकत म्हणाले, "वहिनी, तुमचं गाव झकास आहे." मला बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. म्हटलं, आता दाखवून काय फायदा.

दुसऱ्या दिवशी नीलिमाताई शहाण्या झाल्या. पंजाबी ड्रेस, पायात बूट. मीही शहाणपण केलं, सकाळीच पोहे-जलेबी, आलूबोंडे असा भरपेट नाश्ता दिला, चढायचं असेल तर ताकद हवी म्हणून. शशीभाऊंनी तीन वेळा घेतलं. आणि गाडी कुठं गेली? सिहोऱ्याकडं, एका तलावावर, ताजे शिंगाडे खायला! पोटात तीळ ठेवायला जागा नाही आणि समोर हिरव्यागार शिंगाड्यांची टोपली.

तलावावरचा माणूस कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर आला आणि ह्यांना पाहून म्हणाला, "अरे अंकल जी! आज आंटी को ले आए?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही इथं आले होते?"

"हो."

"कधी?"

"मधात."

"काहून?"

"काम होतं."

शिंगाड्याच्या तलावावर घर विकत घेणारं कोण बसलं होतं, ते मला समजेना. की ह्या तलाववाल्यालाच विकून राहिले? मी रागारागानं शिंगाडे सोलत बसले आणि खरं सांगते, इतके गोड शिंगाडे मी बाजारात कधी खाल्ले नाहीत. शशीभाऊ म्हणाले, "मोत्या, नागपूरला आला ना, तर तुला हे मिळणार नाही बरं का." ह्यांनी एक शिंगाडा सोलला आणि माझ्या हातावर ठेवला.

त्या संध्याकाळी नीलिमाताईंनी स्वयंपाकघरात मला पकडलं. "सुमनताई, भावजी फ्लॅटचं काही बोलले का? परवा आम्ही निघतो, मालकाला उत्तर द्यायचं आहे."

मी म्हटलं, "त्यांना जायचंच असेल हो. तुम्ही आहात, शशीभाऊ आहेत."

"आणि तुम्हाला?"

"माझं काय, मी जाईन तिथं पोळ्या करीन." असं म्हटलं आणि पोळी जाळली.

तिसऱ्या दिवशी भेडाघाट. हे मात्र न सांगताही सगळ्यांना कळलं होतं, कारण जबलपूरला येऊन भेडाघाट न पाहता कोणी जात नाही. मीच तेवढी राहिले होते. अश्वजीत लहान असताना विहाराच्या सहलीत नर्मदेचा धुआंधार धबधबा पाहिला होता, तोही पोराचा हात धरून, पाण्याकडं कमी आणि पोराकडं जास्त बघत. नावेत तर कधीच बसले नव्हते.

आधी धुआंधार पाहिला. पाणी असं पडत होतं की बोललेलं ऐकू येईना, आणि अंगावर तुषार. शशीभाऊ लहान मुलासारखे कठड्याला धरून ओरडत होते. ह्यांना काही फरक पडला नाही, ह्यांचं एरवीही ऐकू येत नाही! मग पंचवटी घाटावर उतरलो. नावा नुकत्याच सुरू झालेल्या, पावसाळाभर बंद असतात. नावाड्यानं ह्यांना लांबूनच हाक मारली, "आ गए अंकल! मैंने बोला था ना, इस हफ्ते चालू हो जाएगी." मी काही विचारलंच नाही. कोणाकोणाला विचारणार?

नावेत आमच्यासोबत आणखी चार-पाच जण होते, कोणी बिलासपूरचे. नाव आत शिरली आणि दोन्ही बाजूंनी ते संगमरवराचे कडे उभे राहिले, कुठं पांढरे, कुठं गुलाबी, कुठं निळसर. खाली पाणी शांत, हिरवं. नावाडी आपल्या चालीत सांगत होता, "दाएँ देखिए हाथी की सूँड, जिसको न दिखे वो चश्मा ढूँढ!" सगळे खो खो हसत होते. मी पण हसले. आणि हसता हसता मनात आलं, हे सगळं माझ्या घरापासून इतकं जवळ होतं आणि आता सोडून जायचं. डोळे भरून आले.

तेवढ्यात शशीभाऊंनी विषय काढलाच. "मोत्या, उद्या निघतो आम्ही. मालकाला काय सांगू?"

हे पाण्याकडे बघत म्हणाले, "हिला विचार."

"मला काहून?"

"तुलाच जायचं आहे ना."

"मला? कोण म्हणालं?"

"तूच." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दरवर्षी नागपूरहून आल्यावर म्हणतेस. इथं काय ठेवलं आहे, माणसं तर तिकडं आहेत."

"अहो, ते मी रागात म्हणते!" मी ओरडलेच. "घरी यावं तर सगळीकडं धूळ, दूध फाटलेलं, आणि तुम्ही तोंडात मूग धरून बसलेले. मग माणसाला माणसं आठवणार नाहीत तर काय! आणि तुम्ही? रोज सकाळी घर विकायला जात होते ना?"

"घर?" ह्यांना खरंच कळलं नाही. "तुला न विचारता घर कसं विकू?"

"मग कुठं जात होते?"

आणि बाप्पा, हा माणूस बोलला. लग्न झाल्यापासून इतकं एका दमात बोललेलं मी ऐकलं नव्हतं. म्हणाले, "रस्ते बघत होतो. किल्ल्याच्या पायऱ्या तुझ्या गुडघ्यांना झेपतील का, शिंगाडे कधी उतरतात, नाव कधी सुरू होते. तू इथं सगळं आयुष्य काढलं, सुमन, आणि क्वार्टर, बाजार, विहार सोडून काही पाहिलं नाहीस. माझ्या शिफ्टा होत्या, आईचं आजारपण, पोराची शाळा. नुसतं चल म्हटलं असतं तर म्हणाली असतीस, मला वेळ कुठं आहे. पाहुणे आले की तू नाही म्हणत नाहीस. जायच्या आधी तुला एकदा सगळं दाखवायचं होतं."

नीलिमाताईंनी पदर नव्हता म्हणून ओढणी पुढं केली आणि मी तिच्यात तोंड खुपसलं.

शशीभाऊ मात्र उसळले. "म्हणजे हा सगळा कार्यक्रम आमच्यासाठी नव्हताच का रे? मी फुकटचा पहाड चढलो?" मग त्यांचा चेहरा जरा उतरला. म्हणाले, "मला वाटलं होतं, समोरचं दार उघडलं की तू दिसशील." ह्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग शशीभाऊच हसले, "जाऊ दे, तसाही तू दिसलास तरी बोलला नसतासच."

मी तोंड पुसलं. म्हटलं, माझं झालं, पण ह्यांचं काय? "आणि तुम्हाला?" मी विचारलं. "तुम्हाला जायचं आहे का नागपूरला? खरं सांगा."

ह्यांचे ओठ हलले. मला तो शब्द दिसला. मी बोट रोखलं, "'बघू' म्हणाल ना, तर इथंच पाण्यात उतरते!"

नाव डुलली. नावाड्यानं वल्हं थांबवलं. बिलासपूरच्या लोकांना मराठी येत नव्हती, पण काहीतरी मोठं चाललं आहे एवढं त्यांना समजलं होतं, सगळे ह्यांच्याकडे बघत होते.

"नाही जायचं," हे म्हणाले. "मला इथं राहायचं आहे. तुझ्यासोबत."

"क्या बोले अंकल?" नावाड्यानं विचारलं. शशीभाऊंनी उभं राहून, दोन्ही हात पसरून हिंदीत सांगितलं, आणि त्या अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या. कड्यांमधून टाळ्यांचा आवाज फिरून परत आला. ह्यांचे कान लाल झाले. मला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि एकदा ऐकून पुरत नव्हतं.

मी म्हटलं, "पुन्हा सांगा."

आणि त्यांनी पुन्हा सांगितलं.